तेरा बूट आणि एक कान

माझ्या आईने कॅमेऱ्यापुढे यावं, एवढ्याचसाठी मी व्यायामाचा स्टुडिओ काढला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अर्जात मी 'किनाऱ्यावरच्या क्री स्त्रियांचं आरोग्य आणि पाठीचा कणा' असं भारदस्त कारण लिहिलं होतं, आणि ते इतकं छान वठलं होतं की दोन दिवस माझाही त्यावर विश्वास बसला होता.

आई राहते कॅनडाच्या उत्तरेला, जेम्स बेच्या काठावर, आमच्या क्री आदिवासींच्या गावी. मी राहते टिमिन्स शहरात, सव्वीस वर्षं. तिकडे रस्ता जात नाही, विमान जातं, आणि विमानाचं भाडं ऐकलं की माणूस म्हणतो पुढच्या वर्षी बघू. वडील गेले तेव्हा मी गेले होते. त्याला पाच वर्षं झाली. मधल्या काळात नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझ्या शाळेतल्या ऑफिसात माणसं कमी झाली, घराचं छप्पर गळलं. कारणं सगळी खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं.

फोनवर आई बोलायची. पण माझी मोठी बहीण फिलोमेन, जिला मी आमच्या रीतीप्रमाणे निमिस, म्हणजे ताई, म्हणते, तिने मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला की आई कॅमेऱ्यावर हात ठेवायची. मला पाच वर्षं तिचा तळवा दिसत होता. तो मला पाठ झाला होता. मी चिडायचे, विनवायचे, एकदा तर रडलेसुद्धा. आईचं एकच, की माणूस बघायचा तर समोर बसून बघावा, चहा देऊन बघावा, काचेतून बघायला मी काय मासा आहे.

मग तिचा खुबा दुखायला लागला. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने व्यायामाचे कागद दिले. आईने ते नीट घडी करून ठेवले आणि एकेक करून चुलीत पेटवणाला वापरले. निमिसने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्यायाम शिकवणाऱ्याला शिकणारा दिसावाच लागतो. पाठ वाकडी आहे की सरळ, हे हाताच्या तळव्यावरून कसं कळणार? स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूष झाले की त्या दिवशी नवऱ्याला न मागता पॅनकेक करून घातले.

माझ्याकडे शिक्षण होतं. म्हणजे, बरंचसं होतं. शाळेच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरून मी पाठ मोडून घेतली होती, तेव्हा पिलाटीसच्या वर्गाला जायला लागले. गादीवर आडवं पडायचं, पोट आत ओढायचं, पाय वर करायचे आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असा तो प्रकार. पाठ बरी झाली, गोडी लागली, शिकवण्याचा अभ्यासक्रमही घेतला. त्याचे तीन भाग असतात. तिसऱ्या भागाच्या वेळी छप्पर गळलं. त्यामुळे मी शिकवते ते पिलाटीस आहे असं मला म्हणता येत नाही, 'पिलाटीसवरून सुचलेला व्यायाम' असं म्हणावं लागतं. मला ते जास्त आवडतं. पिलाटीस कुणालाही येतं, सुचायला डोकं लागतं.

नावही सुचलं. आमच्या भाषेत रानहंसाला निस्का म्हणतात. 'निस्का स्टुडिओ'. उडणाऱ्या हंसाचं चित्र मी स्वतः काढलं, मान लांब, पोट आत. हे चित्र पुढे माझ्या किती अंगाशी येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

जागा ठरली तळघराची. आमच्या तळघरात एका बाजूला मांस ठेवायचा मोठा फ्रीझर आहे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या नवऱ्याचं सौनाघर. नवरा आर्वो जातीचा फिन, मूळचा फिनलंडकडचा. त्याला घर नसलं तर चालेल, सौना पाहिजे. दर शनिवारी सकाळी तो त्या लाकडी खोलीत घाम गाळत बसतो आणि बाहेर येतो तेव्हा सगळ्या जगाला माफ केल्यासारखा दिसतो. फ्रीझर आणि सौना यांच्या मधल्या आठ फुटांत मी गादी टाकली. डोकं गारठायचं आणि पाय उकडायचे.

शेजारच्या पिलोनबाई विचारायला आल्या, की भिंतीला पांढरा रंग का चाललाय. त्या फ्रेंच आहेत, सत्तरीच्या, आणि दुसऱ्याच्या कामात सल्ला द्यायला त्यांना कुठलंच काम परकं नाही. त्यांना मागची भिंत फार ओकीबोकी वाटली. एवढं आदिवासी बाईचं काम, मग आदिवासी दिसायला नको का, असं म्हणून त्या घरून एक लांडग्याचं चित्र घेऊन आल्या. पूर्ण चंद्र, बर्फ, लांडगा. मी म्हटलं, पिलोनबाई, आमच्या घरात लांडगा कुणी भिंतीवर लावत नाही, माझा बाप लांडगा दिसला की सापळे तपासायला धावायचा. त्या जरा दुखावल्या. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून चित्र लावलं. पहिल्या दिवसापासून तो लांडगा माझ्या पाठीमागून माझ्या पोटाकडे बघत असायचा.

तारीखही पिलोनबाईंनीच काढून दिली. नव्या वर्षाचे संकल्प फेब्रुवारीत मरतात, मे महिन्यात लोक बागेत रमतात, तेव्हा एप्रिलचा शेवटचा शनिवार उत्तम. बर्फाला लोक विटलेले असतात, पोटं सुटलेली असतात. मला ते पटलं. मी सव्वीस एप्रिल, सकाळी दहा, असं छापून मोकळी झाले.

आता सरकारी बाजू. आमच्यासारख्या बायकांच्या धंद्यांची एक अधिकृत यादी असते. त्या यादीत नाव लागलं तर स्टुडिओला वजन येतं, दवाखाने तुमच्याकडे रोगी पाठवतात, आणि माझा बेत होता की नर्सच आईला सांगेल, डॉक्टरांनी हाच वर्ग लिहून दिलाय. म्हणून अर्ज केला. तिथं माझा अर्ज गेला हार्टनेलबाईंकडे. आवाज इतका मऊ की नकारसुद्धा अंगावर शाल घातल्यासारखा वाटायचा.

पहिली अडचण माझ्या आदिवासी असल्याच्या ओळखपत्राची. ते दोन वर्षांपूर्वी संपलं होतं. म्हणजे कागदोपत्री मी दोन वर्षं क्री नव्हते आणि मला पत्ताही नव्हता. नवीन काढायला गेले तर फोटोत मी हसतेय म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा न हसता काढला, तर खिडकीतल्या मुलीने जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं की ही तुमची मुलगी का. पोट आत ओढलं आणि उभी राहिले.

दुसरी अडचण मालकीची. निम्म्याहून जास्त मालकी आदिवासी बाईची पाहिजे. मी म्हटलं सगळीच माझी आहे. हार्टनेलबाईंनी विचारलं, गादी कुणी घेतली? आर्वोने, वाढदिवसाला. दिवा? आर्वोने. तळघर? अर्धं आर्वोचं. मग घोडं अडलं. शेवटी आर्वोला वकिलासमोर लिहून द्यावं लागलं की सदर गादीवर माझा कोणताही हक्क नाही व मी तिच्यावर कधीही झोपणार नाही. सही करताना तो फक्त एवढंच म्हणाला की सौना त्यात धरू नका.

तिसरी अडचण मात्र मला लागली. अर्जात एक रकाना होता, 'आपल्या समाजाशी जिवंत संबंध'. मी लिहिलं, जन्म तिथला, आई तिथं, बहीण तिथं. हार्टनेलबाई मऊ आवाजात म्हणाल्या, हा जन्माचा संबंध झाला, जिवंत संबंध कसा दाखवाल? शेवटच्या कधी गेला होतात? मी म्हटलं पाच वर्षांपूर्वी. त्यांनी काहीतरी लिहिलं. ते पेन चालल्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही. मग तोडगा निघाला. पहिल्या वर्गाला त्या स्वतः हजर राहतील, आणि माझ्या गावच्या निदान सात बायका कॅमेरा सुरू ठेवून आल्या पाहिजेत. पडद्यावर सात चौकोन दिसले की रकाना भरला.

सात काय, मी म्हटलं, सतरा येतील. फोन ठेवला आणि जिन्यावर बसून राहिले. खरं सांगायचं तर मला यादी नको होती, रोगी नको होते. माझ्या माणसांनी मला ओळखावं एवढंच हवं होतं, आणि ते आता एका अनोळखी बाईसमोर सिद्ध करायचं होतं.

मी सपाटा लावला. एकेकीला फोन केले. मावशीला, चुलत बहिणींना, शाळेतल्या मैत्रिणीला. तारीख सांगितली की पलीकडून, "हं. बघू." सगळ्यांचं "हं. बघू." निमिसने गावच्या रेडिओवर सांगायची सोय केली. हरवलेला हातमोजा आणि संध्याकाळचा बिंगो यांच्यामध्ये निवेदकाने वाचलं की आपली जोसेट सव्वीस तारखेला झोपून पाय वर करायला शिकवणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी बघावं. म्हणे सगळा गाव हसला. मला वाटलं, पाय वर करण्यावर हसले.

निमिसला मी शेवटी विचारलं, आई येईल ना?

"विचारते," ती म्हणाली. "सव्वीसलाच ठेवलंयस का?"

"छापलंय गं."

"बरं," निमिस म्हणाली, आणि विषय सरपणावर गेला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात कुणी कुणाला तोंडावर 'तुझं चुकतंय' असं म्हणत नाही. लहान पोरालासुद्धा नाही. पोराने बूट उलटे घातले तर घालू देतात, चालू देतात, पडू देतात, आणि त्याचं त्याला कळलं की सगळे मिळून हसतात. मी या रीतीत वाढले. पण सव्वीस वर्षं शहरात राहिलं की माणसाला वाटायला लागतं, कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

सव्वीस एप्रिल उजाडला. रंगाच्या तीन डब्यांवर लॅपटॉप ठेवला. फ्रीझर गुरगुरू नये म्हणून त्याची तार काढली. आर्वोला बजावलं की सौनात बसायचं तर बस, पण दार उघडायचं नाही, खोकायचं नाही, पाणी ओतायचं नाही. तो म्हणाला पाणी न ओतता सौना म्हणजे नुसतं कपाट. मी म्हटलं, मग कपाटात बस.

दहाला पाच कमी असताना हार्टनेलबाईंचा चौकोन उघडला. शेजारी कुंडी, हातात कप. दहा वाजता दुसरा चौकोन उघडला आणि माझा जीव भांड्यात पडला, पण त्यात पिलोनबाई होत्या, जांभळ्या घट्ट कपड्यांत, मांडीवर कुत्रा. हार्टनेलबाईंनी विचारलं, या समाजातल्या आहेत का? मी नाही म्हणायच्या आत पिलोनबाईंनी सांगितलं की त्यांच्या पणजीच्या गालाची हाडं फार उंच होती. हार्टनेलबाईंनी तेही लिहून घेतलं.

दहा वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी पोट आत ओढण्याचे फायदे सांगत बसले. बारा मिनिटांनी सगळे फायदे संपले. पडद्यावर माझा चौकोन, त्यांचे दोन चौकोन, आणि माझ्या मागे तो लांडगा. हार्टनेलबाई म्हणाल्या, "कदाचित दिवस सोयीचा नसेल." पिलोनबाई म्हणाल्या की दिवस अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तेवढ्यात तळघराच्या वरच्या झरोक्यातून आवाज आला. लांबून, उंचावरून, बरेच जण एकाच वेळी बोलत चालल्यासारखा. मी गादीवर बसल्या बसल्या मान वर केली. झरोक्यातून हातभर आभाळ दिसतं. त्यात रानहंसांची तिरकी रांग आली आणि उत्तरेकडे निघून गेली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. गावात शाळा बंद असते, कचेरी बंद असते, दुकानाला कुलूप असतं. किनाऱ्यावर बर्फ असेतोवर स्लेजवर तंबू, केटली, पोरं, म्हाताऱ्या लादून सगळा गाव हंसांच्या शिकारीला गेलेला असतो. जन्मापासून मी त्या दिवसांची वाट बघत मोठी झाले. शाळेच्या बाकावरून खिडकीकडे कान लावून बसायची मी. आणि मी स्टुडिओला हंसाचं नाव दिलं, हंसाचं चित्र काढलं, आणि हंस कधी येतात तेच विसरले.

म्हणून सगळ्या "हं, बघू" म्हणाल्या होत्या. म्हणून गाव हसला होता. निमिस विचारत होती, सव्वीसलाच का. ते सगळे माझं मला कळायची वाट बघत होते, आणि मला कळलं ते टिमिन्सच्या तळघरात, एका सरकारी बाईसमोर.

हार्टनेलबाईंनी विचारलं, काही अडचण आहे का. मी म्हटलं, "सगळे हंसांच्या मागे गेलेत. मी तारीख चुकवली." त्यांनी माझ्या कागदावरच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला एवढी शरम वाटत होती की लॅपटॉपचं झाकण लावायला मी हात पुढे केला.

आणि तिसरा चौकोन उघडला. पांढरा. नुसता पांढरा.

"ए धाकटे," चौकोन म्हणाला. "ऐकू येतंय?"

"निमिस? तुझा कॅमेरा बिघडलाय."

"बिघडला नाही. बर्फ आहे."

मग कळलं. ती तळावरून बोलत होती, बर्फाच्या आडोशातून. अडीअडचणीला म्हणून तळावर गेल्या वर्षी उपग्रहाची थाळी बसवलीय, तिच्यावरून. माझा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून बिंगोचे आकडे पुकारायचा मोठा कर्णासुद्धा तिने स्लेजवर टाकून आणला होता. पुरुष पलीकडच्या दलदलीकडे गेले होते, इथं बायका होत्या. मी विचारलं, कुठं आहेत बायका? मला तर कुणी दिसत नाही.

"दिसलो तर हंस कसे येतील?" निमिस म्हणाली. "पांढऱ्या चादरीखाली आहोत. तू शिकव."

हार्टनेलबाई चष्मा पुसून पडद्याच्या जवळ आल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, नियमाप्रमाणे सात चौकोन लागतात, हा एकच आहे आणि तो रिकामा आहे. मी म्हटलं, एक मिनिट थांबा. गादीवर आडवी झाले, घसा साफ केला आणि माझ्या आयुष्यातली पहिली सूचना दिली.

"पोट आत. पाठ जमिनीला. आता दोन्ही पाय वर."

बर्फातून बूट उगवले. रबरी, काळे, हिरवे, चिखलाने भरलेले, एकामागून एक बर्फातून वर आले आणि आभाळाकडे टाचा करून उभे राहिले. कुणीतरी चादरीखाली खुदकन हसलं, मग दुसरी, मग सगळे बूट थरथरायला लागले. पिलोनबाईंच्या कुत्र्याने भुंकून घेतलं. हार्टनेलबाई पेनच्या टोकाने मोजत होत्या. दोनदा मोजलं.

"तेरा," त्या म्हणाल्या. "ह्या साडेसहा बायका होतात."

मी पण मोजले. डावीकडून सहा जोड्या, आणि अगदी टोकाला एकच बूट, एकटा, तपकिरी, टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेला. ते ठिगळ माझ्या वडिलांनी लावलं होतं. उजवा बूट होता. डावा खुबा तिला दुसरा पाय वर उचलूच देत नव्हता.

माझेही पाय वरच होते. माझी आई माझ्या वर्गाला आली होती. चादर ओढून, तोंड झाकून, एक बूट वर करून, पण आली होती.

"गप्प," एकदम निमिस म्हणाली.

तेरा बूट बर्फात गेले. पांढरं झालं सगळं. मीही पाय तसेच वर ठेवून गप्प झाले, कारण शिकारीच्या आडोशात कुणी गप्प म्हटलं की माणूस आहे तसा थांबतो, मग तो टिमिन्समध्ये का असेना. हार्टनेलबाईंना वाटलं हाही व्यायाम आहे. त्यांनी श्वास रोखून धरला. कर्ण्याजवळच्या मोबाइलमधून मला लांबचा आवाज ऐकू येत होता, तोच, बरेच जण बोलत चालल्याचा. येत होते. पण उंचावरून, सरळ. असे आले की वळत नाहीत, हे मला गादीवर पडल्या पडल्या कळलं. निमिसने हंसाच्या आवाजात साद घालून पाहिली. तिची साद लहानपणापासून वाईट, ऐकून हंस काय, कावळा वळणार नाही.

आणि मग चादरीखालून पाच वर्षं तळव्याआड राहिलेल्या आईचा आवाज आला, पण माझ्याशी नाही, निमिसशी.

"जोसेटला बोलवू दे. ती बापासारखी बोलवते."

मी शेवटची साद घातली त्याला सव्वीस वर्षं झाली असतील. वडील मला मांडीवर बसवून शिकवायचे, की घशातून नको, पोटातून काढ, आणि असं बोलव की तुला खरंच ते यायला हवेत. मी मान ताणली. पोट आत ओढलं. आणि बोलावलं. तळघर दणाणलं. सौनाचं दार धाडकन उघडून आर्वो टॉवेल गुंडाळून बाहेर आला, मला काहीतरी झालं म्हणून, आणि कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. पिलोनबाई म्हणाल्या, बोंझूर आर्वो. मी थांबले नाही. पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा. मला खरंच ते यायला हवे होते. हंस, बर्फ, केटलीचा धूर, सगळं. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं, कारण मी उताणी होते.

आवाज जवळ आला. पंखांची फडफड झाली. मग बंदुका वाजल्या, चारपाच, आणि हार्टनेलबाईंच्या हातातला कप कुंडीत पडला.

त्यानंतर एवढा हशा आणि एवढी धावपळ झाली की मोबाइल बर्फात पडला आणि बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं. सात पडलेत, निमिस ओरडून सांगत होती, सात, आणि सगळे वळून आले, बिंगोच्या कर्ण्याला भुलून. मग कुणीतरी मोबाइल उचलला. चित्र हललं, अंधारलं आणि स्थिर झालं.

आईने तो कानाला लावला होता. फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू, कॅमेरा असो नाहीतर नसो. अख्ख्या चौकोनात आईचा कान होता. पाच वर्षांनी मला आईचा कान दिसला. कानाची पाळी लोंबायला लागलीय, तिच्यावर बर्फाचा कण आहे, वर करडे केस. कानात मी दोन नाताळांपूर्वी पाठवलेलं चांदीचं कुडं होतं, जे मिळालं की नाही हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"जोसेट," कान म्हणाला.

"हो, आई."

"आवाज आला तुझा."

"हो."

"बाकीची तू कधी येतेस?"

मी कारणं शोधली, गुडघा, छप्पर, ऑफिस, आणि एकही हाताला लागेना. तोवर आईने फोन निमिसकडे दिला, कारण तिला हंस सोलायला बसायचं होतं. चौकोन बंद झाला. आर्वो टॉवेलात तसाच उभा होता. त्याने मला हात देऊन गादीवरून उठवलं आणि तो माझे रबरी बूट शोधायला वर गेला.

हार्टनेलबाईंचं पत्र पुढे आलं. नाव यादीत लागलं. साडेसहाचं त्यांनी कसं जुळवलं माहीत नाही, पण 'समाजाशी जिवंत संबंध' या रकान्यापुढे त्यांच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलंय, 'आहे. मी ऐकला.' पिलोनबाई आता सगळ्यांना सांगतात की तारीख त्यांनी काढून दिली होती.

हे पत्र मात्र मी नंतर वाचलं, कारण सोमवारी मी विमानात होते. धावपट्टीवर निमिसचा नवरा स्लेज घेऊन उभा होता. त्याने मला विचारलं नाही की पाच वर्षं कुठं होतीस. फक्त म्हणाला की कर्णा आणायची गरज नाही ना आता, आणि स्वतःच हसला.

आई तंबूत होती, देवदाराच्या फांद्यांवर, पुढ्यात हंस, हातात पिसं, चुलीवर केटली. मी दार सारून वाकून आत गेले. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, बघतच राहिली. मी पण. तोंड तेच होतं, फक्त लहान झालं होतं. मग तिने आमच्या रीतीप्रमाणे ओठ पुढे काढून शेजारची जागा दाखवली, एक हंस माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बस. पोट आत. पाठ सरळ."

मी बसले. पाठ काही सरळ राहिली नाही.